जुरोंग ईस्टमधला बोरघाट

मॉडेल रेल्वेची गाडी विकत मिळते. रूळ मिळतात, सिग्नल मिळतात, फलाटावरची बाकडी मिळतात, बाकड्यावर बसलेला दोन सेंटीमीटरचा माणूसही मिळतो. गाडीच्या मागे जो डोंगर दिसायला हवा, तो मात्र मिळत नाही. म्हणजे जर्मनीचा मिळतो. ख्रिसमस ट्रीसारखी टोकदार झाडं, गाईच्या दुधाच्या जाहिरातीत असतं तसं गवत, मागे लावायला बर्फाच्या शिखरांचा छापील कागद, सगळं पाकिटात भरून घरपोच येतं. बोरघाट अजून कोणी पाकिटात भरलेला नाही. त्यामुळे गेली दोन वर्षं आम्ही चार मराठी घरं मिळून तो सिंगापुरात तयार करतोय. आजचा लेख त्या उद्योगाबद्दल आहे. गाड्यांबद्दल यात फारसं काही नाही, आधीच सांगतो. गाड्यांचं वेड बऱ्याच जणांना असतं. मला वेड लागलंय ते गाडीच्या मागच्या डोंगराचं.

आधी मांडणी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमचं मॉडेल 'एचओ' मापाचं आहे, म्हणजे खऱ्याच्या एक सत्त्याऐंशीअंश. या मापाच्या रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर असतं, कारण युरोप-अमेरिकेतले खरे रूळ १४३५ मिलिमीटरवर असतात. आपलं ब्रॉडगेज १६७६. हिशेबाने आमचे रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरवर हवेत. तेवढी तडजोड सगळे करतात, आम्हीही केली. लेआउटचे दहा तुकडे आहेत, प्रत्येक चार फूट लांब, दोन फूट रुंद. चारच फूट का? तर एचडीबीच्या लिफ्टमध्ये आडवा मावतो आणि मोठ्या टॅक्सीत मागची सीट पाडून ठेवता येतो. माझ्याकडे, जुरोंग ईस्टला, तीन तुकडे आहेत. ते घरातल्या बाँब शेल्टरमध्ये उभे असतात, तांदळाच्या पिशव्या आणि प्रवासी बॅगांच्या शेजारी. बाकीचे क्लेमेंटी, बुकित बातोक आणि पुंगोलला. वर्षातून दोनतीनदा कम्युनिटी क्लबची खोली भाड्याने घेतो आणि दहाही तुकडे जोडतो. चाळीस फुटांचा घाट उभा राहतो, एका टोकाला कर्जत, दुसऱ्या टोकाला खंडाळा.

सुरुवातीलाच मी एक हिशेब करून बघितला. कर्जत ते लोणावळा साधारण २८ किलोमीटर. आमच्या मापात ते होतात ३२२ मीटर. चढ साधारण साडेपाचशे मीटरचा, तो होतो सव्वासहा मीटरच्या वर. एचडीबीच्या घराचं छत असतं अडीच-पावणेतीन मीटरवर. म्हणजे वरच्या दोन मजल्यांवरच्या शेजाऱ्यांची परवानगी काढून स्लॅबला भोकं पाडायची, आणि लांबीसाठी पलीकडचे तीन-चार ब्लॉक रिकामे करून घ्यायचे.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, कारण एका ठिकाणी खरंच असं केलंय. हॅम्बर्गला 'मिनिआटूर वुंडरलँड' म्हणून जगातलं सगळ्यात मोठं मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन आहे. फ्रेडरिक आणि गेरिट ब्राऊन या जुळ्या भावांनी ते २००१ मध्ये सुरू केलं. २००७ मध्ये तिथे स्वित्झर्लंडचा भाग तयार झाला, तेव्हा आल्प्स पर्वतासाठी त्यांनी वरच्या मजल्याची जमीन फोडली. डोंगर जवळजवळ ६ मीटर उंच आहे, दोन मजल्यांतून जातो. आमच्याकडे फोडण्यासारखी जमीन नाही. आमच्याकडे मागची रंगवलेली फळी आहे.

आणि गंमत अशी की दूरच्या डोंगराच्या बाबतीत ती फळी जास्त खरी ठरते. समजा ५०० मीटर उंच डोंगर तुम्ही दोन किलोमीटरवरून बघताय. आता तोच डोंगर तुमच्या डोळ्यांपासून १२० सेंटीमीटरवर असलेल्या फळीवर काढायचा असेल, तर किती उंच काढावा लागेल? ५०० भागिले २०००, गुणिले १२०. उत्तर ३० सेंटीमीटर. एक फूट! तेवढाच काढला की डोळ्याला तो अगदी खऱ्याइतका दिसतो. थर्माकोलचा सहा मीटरचा डोंगर करायला जागाही नको आणि पैसाही नको. गाडीच्या शेजारची जमीन मापात करायची, आणि लांबचं सगळं कोनाच्या हिशेबाने रंगवायचं. कॉलेजात कॉम्प्युटर ग्राफिक्सला परस्पेक्टिव्ह शिकलो होतो, परीक्षेनंतर त्याचा उपयोग असा पहिल्यांदाच झाला.

माझ्या पिढीतल्या पुणेकरांना मॉडेल रेल्वे म्हटलं की कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आठवतं. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं ते शहर १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी खुलं झालं. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. सहल आमचीही गेली होती. वाफेच्या इंजिनापासून बुलेट ट्रेनपर्यंत सगळं एकाच वेळी पळत होतं, मध्येच खोलीतले दिवे मंद झाले आणि शहरातले दिवे लागले. त्या क्षणी चाळीसपैकी चाळीस पोरं गप्प झाली, आमच्या वर्गाच्या इतिहासात एकदाच. आता मागे वळून बघताना कळतं की आम्हाला गप्प करणारी गोष्ट गाडी नव्हती. गाड्या तर दहा मिनिटं पळतच होत्या. अंधार पडला, खिडक्या उजळल्या, आणि तिथे कोणीतरी राहतंय असं वाटलं. अजून गेला नसाल तर पुढच्या भारतवारीत मुलांना घेऊन जा. पण जोशींचं शहर कुठलं एक खरं शहर नाही, मनातलं आहे. आम्हाला खरा घाट करायचा होता, आणि खऱ्या गोष्टीला चुकीचं म्हणणारे लोक असतात.

आमच्याकडे असे गृहस्थ म्हणजे माझे मामा. वय ७४, मुक्काम कर्जत. अख्खी नोकरी घाटात, बँकर इंजिनांवर. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: बोरघाटाचा चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रेल्वेच्या भाषेत हा भयंकर चढ. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात, ती गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. कर्जतला वडापाव खायला जो वेळ मिळतो तो या इंजिनांच्या कृपेने. मामांनी पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा ही वाट हजारो वेळा पाहिली आहे, तीही पाठमोरी गाडी पुढे ठेवून. पहिल्या तुकड्याचे फोटो मी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, तेव्हा दोन दिवस उत्तर नाही. मग फोन आला.

"अरे, तू डोंगराकडे वरून बघतोयस. आम्ही मान वर करून बघायचो."

झालं. टेबलाच्या उंचीचा प्रश्न सुटला. बहुतेक लेआउट कमरेच्या उंचीवर असतात, कारण काम करायला सोपं पडतं. पण मग बघणारा विमानातून बघितल्यासारखा बघतो, आणि मागचा डोंगर कितीही चांगला रंगवला तरी तो भिंतीवरचं चित्रच वाटतो. आम्ही नवे पाय लावले आणि रूळ जमिनीपासून १३० सेंटीमीटरवर नेले. आता मोठ्या माणसाची नजर रुळांच्या किंचित वर येते. ३० सेंटीमीटरचा डोंगर नजरेच्या वर उभा राहतो. पोरांसाठी प्लास्टिकची स्टुलं ठेवली आहेत. इंजिन स्टुलावरच्या पोराच्या नाकासमोरून जातं आणि त्याच्या वर कडा असतो. मामांना हेच म्हणायचं होतं.

मागची फळी रंगवण्याचं जे तंत्र आहे, ते चित्रकार नसलेल्यालाही जमतं. त्यात कौशल्यापेक्षा संयम लागतो. एक म्हणजे सपाट, चमक नसलेला भिंतीचा रंग. चमक आली की दिवा त्यात दिसतो आणि आकाश मेलं. दुसरं, आकाश वरपासून खालपर्यंत एका रंगाचं नसतं, क्षितिजाकडे ते फिकट होत जातं. आणि डोंगर जितका लांब तितका त्याचा स्वतःचा रंग कमी, हवेचा रंग जास्त. आम्ही तीन रांगा काढल्या. जवळच्या रांगेचा रंग डब्यात कालवला, दुसरीसाठी त्यात आकाशाचा रंग ओतला, तिसरीसाठी आणखी ओतला. बारकावे फक्त पहिल्या रांगेत. तिसऱ्या रांगेत झाड काढायचा मोह झाला तर ब्रश धुऊन ठेवायचा आणि चहा करायचा.

फोटो छापून का नाही लावला, हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. पुण्यात फ्लेक्स किती स्वस्तात होतो हे आम्हालाही माहीत आहे. पण फोटो फार स्पष्ट असतो. नजर गाडीवरून सुटून त्याच्यावर जाते. शिवाय फोटोतलं ऊन एका बाजूचं आणि आपल्या दिव्यांचं दुसऱ्या बाजूचं. आणि फ्लेक्स तो फ्लेक्स. समोर कितीही सुंदर घाट असला, तरी मागून कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा येतील असं वाटत राहतं. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर सिनेमात येण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. पडद्याचं काम नटाच्या मागे उभं राहण्याचं असतं.

सगळ्यात अवघड जागा असते ती जमीन संपून फळी सुरू होते तिथली. डोळा ती रेघ लगेच पकडतो. त्यावर उपाय म्हणजे तिथे उंचवटा करायचा, त्याच्या मागे दोन बोटं खोल चर ठेवायचा आणि चराच्या पलीकडे फळी. बघणाऱ्याला उंचवट्याची कड दिसते, तिच्या मागे एकदम लांबचा डोंगर दिसतो, मधली दरी मन आपोआप भरतं. घाटात तर हे फारच सोपं, तिथे खरोखरच कडेनंतर दरी असते. सपाट प्रदेशाचं मॉडेल करणाऱ्यांची मला कीव येते. नेदरलँड्सवाले काय करत असतील?

आता खडक. इथे आम्हाला बाहेरची पुस्तकं सोडून द्यावी लागली. बाजारात खडकाचे रबरी साचे मिळतात, प्लॅस्टर ओतलं की अर्ध्या तासात कडा तयार. पण ते कडे आल्प्सचे नाहीतर अमेरिकेतल्या रॉकीज पर्वताचे, तिरपे, फाटलेले, टोकदार. आपला सह्याद्री तसा नाही. तो लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. एक थर म्हणजे उभा काळा कडा, त्यावर गवताचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. भूगोलाच्या पुस्तकात 'डेक्कन ट्रॅप' वाचलेलं असतं. त्यातला 'ट्रॅप' हा स्कँडिनेव्हियातला शब्द, अर्थ जिना. मॉडेल करणारे लोक डोंगरासाठी फोमच्या जाड पाट्या एकावर एक चिकटवतात आणि मग त्यांच्या आडव्या रेघा लपवायला धडपडतात. आम्हाला त्या रेघाच हव्या होत्या. पाटी आडवी चिकटवायची, कड चाकूने उभी तासायची, वरची पाटी थोडी मागे सरकवायची, मधे गवत लावायचं. तीन पाट्यांत सह्याद्री दिसायला लागतो. हे पहिल्यांदा जमलं त्या रात्री बुकित बातोकच्या मित्राने पावणेबाराला फोटो पाठवला होता, खाली फक्त 'आला' एवढंच लिहून.

खरं सांगायचं तर यातलं बरंचसं आपल्याला येत असतं. दिवाळीचा किल्ला कोणी शिकवला होता? विटा रचायच्या, जुनं पोतं चिखलात बुडवून त्यावर टाकायचं, सुकलं की डोंगर. इकडे हेच प्लॅस्टर लावलेल्या बँडेजच्या पट्ट्या ओल्या करून फोमवर टाकून करतात आणि त्याला वेगळं नाव देऊन पैसे घेतात. किल्ल्यावर हळीव पेरायचो, चार दिवसांत हिरवळ. इकडे नायलॉनचे दोन ते सहा मिलिमीटरचे धागे असतात. एक छोटं यंत्र त्यांना विजेचा भार देतं, ते गोंदावर पडताना ताठ उभे राहतात. दिसायला जादू आहे, पण हळिवाची मजा नाही. बाकीचा माल आम्ही स्वयंपाकघरातून उचलला. चहाचा चोथा ओव्हनमध्ये कडक वाळवला की झाडाखालचा पाचोळा होतो. त्याच्याइतका चांगला पाचोळा कुठलीही कंपनी विकत नाही. नारळाच्या काथ्याचं लांब गवत. जुन्या केबलमधली तांब्याची तार पिळून वडाच्या पारंब्या. खडी बसवायला पांढरा गोंद पाण्यात पातळ करून, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे तो खडीत जिरतो. वरून ओतला तर खडी वाहून जाते, ड्रॉपरने सोडायचा. घरच्यांना या सगळ्याची सवय झाली आहे. "हा चहा प्यायचा की पेरायचा?" असं बायको विचारते तेवढंच.

सिंगापूरच्या हवेबद्दल मात्र कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. इथे बाराही महिने दमट. साधा प्लायवूड महिन्याभरात केळीच्या पानासारखा वाकतो, एमडीएफ फुगतो. प्लॅस्टर जर्मनीत रात्रीत वाळत असेल, इथे चार दिवस घेतं, आणि तोवर त्यावर बुरशी येऊ शकते. म्हणून दहाही तुकड्यांची चौकट सागरी प्लायवूडची, दोन्ही बाजूंनी रंगवून बंद केलेली, आणि चहाचा चोथा वाळवल्याशिवाय घाटात प्रवेश नाही.

यानंतर झालं भांडण. ऋतूवरून.

दहा तुकडे चार घरांत होणार, म्हणजे घाटात ऋतू एकच हवा. एका घराचा श्रावण आणि शेजारच्या घराचा वैशाख असं चालत नाही. पुंगोलच्या जोडप्याला श्रावण हवा होता. धबधबे, धुकं, हिरवंगार, आपण सगळे घाट म्हटल्यावर जे आठवतो ते. क्लेमेंटीच्या काकांचं म्हणणं, श्रावण सगळेच करतात, आणि पाकिटातलं हिरवं लावायचं तर मग बोरघाटच कशाला, स्वित्झर्लंडच करा. मामांना विचारलं तर ते म्हणाले, "मे." घाटातल्या माणसाला घाट मे महिन्यात नीट दिसतो. गवत जळालेलं असतं, म्हणून कड्यांची हाडं दिसतात. गवताचा रंग कसा असतो विचारलं तर मामी मागून म्हणाली, "भाजलेल्या रव्यासारखा." हा रंग कुठल्याही पाकिटात नाही. तीन पाकिटं मिसळून, वर ब्रशने कोरडा रंग मारून तो आला.

या भांडणात माझा जीव गुंतण्याचं कारण वेगळं होतं. माझा मुलगा सात वर्षांचा आहे, जन्म इथलाच. त्याला डोंगर म्हणजे बुकित तिमाह, उंची १६४ मीटर, पायथ्यापासून माथ्यापर्यंत जंगल. त्याला रेल्वेचा जुना मार्ग म्हणजे रेल कॉरिडॉर. मलेशियाची गाडी २०११ पर्यंत तांजोंग पगारला यायची, ती बंद झाली, रूळ उचलले, आणि आता तिथे २४ किलोमीटरची पायवाट आहे. रूळ काढल्याबरोबर हिरव्याने सगळं गिळलं. इथे जमीन मोकळी सोडली की ती हिरवी होते, असंच त्याने पाहिलंय. ऋतू नाहीत, सूर्य रोज सातच्या आसपास उगवतो आणि सातच्या आसपास मावळतो. आम्ही भारतात जातो ते डिसेंबरच्या शाळेच्या सुट्टीत, दोन आठवडे, त्यातला निम्मा वेळ लग्नांत. मी पहिला रव्याच्या रंगाचा उतार लावला तेव्हा त्याने विचारलं, "बाबा, हा डोंगर मेलाय का?"

मी त्याला सांगितलं की नाही, तो पावसाची वाट बघतोय. त्यावर त्याचा पुढचा प्रश्न, "किती दिवस?" आठ महिने, म्हटलं. त्याला ते खोटं वाटलं. जिथे दर दोन दिवसांनी साडेतीन वाजता पाऊस येतो तिथल्या पोराला आठ महिने कोरडे कसे समजावणार? आणि ते समजलं नाही तर आजी-आजोबा पहिल्या पावसाच्या दिवशी व्हिडिओ कॉल करून नुसतं अंगण का दाखवतात, हे तरी त्याला कसं कळणार?

म्हणून मी तिसरा पर्याय मांडला: जूनचा दुसरा आठवडा. मृग लागलाय, पण नीट पाऊस अजून आलेला नाही. मामांच्या बोलण्यातच तो होता. ते सांगतात की त्या दिवसांत कर्जतला कडक ऊन असायचं, घामाने शर्ट भिजलेला, आणि वर खंडाळ्याच्या डोक्यावर काळं छत धरलेलं असायचं. गाडी ढकलत वर गेलं की मंकी हिलच्या आसपास एकदम गार वारा, आणि पुढच्या बोगद्यातून बाहेर आलं की पाऊस. एकाच फेरीत दोन ऋतू. चाळीस फुटांत हे दाखवता येईल का? म्हणजे कर्जतच्या टोकाला पांढरट तापलेलं आकाश, धूळ, भाजलेला रवा. मधे ढगांची कड. खंडाळ्याच्या टोकाला काळसर निळं आकाश, ओले कडे, आणि गवताच्या मुळाशी नुसती हिरवी चाहूल. धबधबा एकच, शेवटच्या तुकड्यात, दोऱ्याएवढा, पुंगोलच्या आग्रहाखातर.

याला किंमत होती. आकाश सरकत काळं होत जाणार म्हणजे तुकड्यांचा क्रम कायमचा ठरला. आता चार नंबरचा तुकडा सात नंबरच्या जागी बसत नाही. मॉड्यूलरचा सगळा फायदाच गेला, असं क्लेमेंटीचे काका म्हणाले, आणि ते बरोबरच आहे. ऑफिसात मी असल्या डिझाइनला पहिल्या मीटिंगमध्ये विरोध केला असता. पण घाटाचा क्रमही कोणाला बदलता येत नाही. ठाकूरवाडीनंतर मंकी हिल येणार, त्यानंतर खंडाळा. शेवटी एका रविवारी माझ्या हॉलमध्ये वर्तमानपत्रं अंथरून दहा डबे रंग कालवला, पहिला जवळजवळ पांढरा, दहावा पाटीसारखा, आणि प्रत्येक घराने आपापले डबे नेले. एकाच बादलीतून कालवणं महत्त्वाचं. वेगवेगळ्या दुकानांतून 'स्काय ब्लू' आणला असता, तर चार आकाशं झाली असती.

दिवेही तसेच लावले. कर्जतकडे पूर्ण पांढरा उजेड, खंडाळ्याकडे निम्मा आणि किंचित निळसर. दिव्यांच्या पुढे पट्टी आहे, म्हणजे दिवा दिसत नाही, फक्त उजेड दिसतो. ओल्या खडकासाठी वरच्या चार तुकड्यांत काळ्यावर चमकदार वार्निशचा एक हात, तोही फक्त उभ्या कड्यांना. आडव्या जागी मारला तर डबकं वाटतं.

एक वाद अजून मिटलेला नाही. अमृतांजन पूल. एक्स्प्रेसवेवरून जाताना ज्याच्या खालून सगळे गेलोय, तो १८३० चा दगडी पूल एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये पाडला. आम्ही सगळे तेव्हा इथे घरात कोंडलेलो होतो आणि फोनवर तो पडताना बघितला. आमच्या घाटात तो ठेवायचा का? पुंगोल म्हणतं, ठेवायचाच. काका म्हणतात, मग साल ठरवा, आणि साल ठरवलं की डबे, इंजिनं, गाड्यांचे रंग सगळं त्या सालचं हवं. मामांच्या घाटात तो होता. माझ्या मुलाने तो कधीच बघितलेला नाही. आणि असं मागे जायचं म्हटलं तर थांबायचं कुठे? १८६३ मध्ये घाट सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ गाडी उलट्या दिशेने वळवावी लागायची, ते रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये बंद झालं. ते मामांनीही बघितलेलं नाही.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरला पेंडन म्हणून संग्रहालय आहे. रॉय इंग्लंड नावाचा एक तरुण १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियातून तिथे आला. गवताच्या छपरांची जुनी घरं एकेक करून नाहीशी होताना त्याने पाहिली आणि मापं घेऊन ती कागदाची बनवायला लागला. त्यातून पुढे एक अख्खा परिसर उभा राहिला, रेल्वेसकट. बाहेरून आलेल्या माणसाला ते करावंसं वाटलं, याचं मला नवल वाटत नाही. मी पुण्यात राहिलो असतो तर बोरघाटाचा एक दगडही केला नसता. खंडाळ्याला गेलो असतो, कणीस खाल्लं असतं, परत आलो असतो.

तूर्त पुलाचे दोन पाये फोमचे करून ठेवलेत. वर पूल ठेवला तर आहे, काढला तर नाही. निर्णय पुढे ढकलण्याची ही सॉफ्टवेअरवाल्यांची जुनी पद्धत.

गेल्या जोडणीला मामांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. फोन एका उघड्या मालडब्यावर रबरबँडने बांधला आणि बँकरने तो कर्जतहून वर ढकलला. चाळीस फूट जायला दीड मिनिट लागलं. मामा काही बोलले नाहीत. सहाव्या तुकड्यावर, जिथे ढगाची कड सुरू होते, तिथे त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. शेवटी म्हणाले की सात नंबरवर कारवीचं रान हवं, तू नुसतं गवत लावलंयस. आणि माकडं कुठायत? माकडं आता ऑर्डर केली आहेत. मिळाली ती आफ्रिकेतली आहेत, शेपटीवर जरा काम करावं लागेल.

आता या लेखाच्या निमित्ताने वाचकांना, विशेषतः भारतातल्या नातेवाइकांना, एक विनंती. आम्हाला जूनमधल्या घाटाचे फोटो हवेत, आणि चारही घरांचे जुने अल्बम आणि फोन पालथे घालून आमच्या लक्षात आलंय की आपल्याकडे घाटाचा फोटोच नाही. आत्याचा आहे, मागे थोडा डोंगर. हनिमूनचा आहे, मागे धुकं. राजमाची पॉइंटला अकरा जण ओळीत उभे आहेत आणि त्यांच्या डोक्यांच्या मधून नागफणीचं टोक दिसतंय. तेव्हा या पावसाळ्यात लोणावळ्याला जाल, तर सगळ्यांचे फोटो काढून झाल्यावर सगळ्यांना एक मिनिट बाजूला व्हायला सांगा आणि नुसता डोंगर काढा. गाडीतून काढलात तरी चालेल, खिडकी कुठल्याही बाजूची असू दे. फक्त पळसदरीनंतर काढा, आणि किती वाजता काढला ते लिहून पाठवा.